संगिना वैद्य: लढून ऑलिंपिकला गेलेली पहिली नेपाळी

निशिगंधा

माझं माहेरचं आडनाव वैद्य. लेकीच्या तायक्वांदो क्लासमध्ये सरांनी एकदा सगळ्या मुलींना मॅटवर बसवून ऑलिंपिकच्या गोष्टी सांगितल्या. घरी येऊन बूट काढता काढता तिने विचारलं, "आई, संगिना वैद्य तुझी कोण?" मला वाटलं, सांगली-मिरजेकडची कुणी मुलगी असेल. शोधायला बसले तेव्हा कळलं, ही काठमांडूची. तिथल्या नेवार समाजात वैद्य हे आडनाव आहे. लिहितात आपल्यासारखंच, म्हणताना ते 'बैद्य' होतं, आणि इंग्रजी बातम्यांतही तसंच छापून येतं.

आडनावामुळे सुरुवात झाली, पण मग मी या बाईच्या मागेच लागले. गेले तीन आठवडे मिळेल ते वाचतेय. आपल्याकडे तिच्याबद्दल काहीच लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हा धागा.

नेपाळ १९६४ पासून ऑलिंपिकला जातोय. पण लहान देशांचे खेळाडू बहुतेकदा जातात ते देशाच्या वाट्याला आलेल्या जागेवर, ज्याला आपण वाइल्ड कार्ड म्हणतो. २००४ च्या अथेन्सला संगिना गेली ती तशी नाही. आशियाई पात्रता स्पर्धेत मॅटवर उभं राहून, समोरचीला हरवून तिने ४९ किलो गटातली जागा मिळवली. पात्रता स्पर्धेतून ऑलिंपिकला पोचलेली ती पहिली नेपाळी खेळाडू, पुरुषांतही तिच्याआधी कुणी नाही. उद्घाटनाला नेपाळचा झेंडाही तिच्याच हातात होता. तो दोन त्रिकोणांचा झेंडा, चौकोनी झेंड्यांच्या त्या रांगेत लांबूनही ओळखू येतो.

आणि ते वर्ष कोणतं? अथेन्सचे खेळ १३ ते २९ ऑगस्ट चालले. तिकडे १८ ऑगस्टला माओवाद्यांनी काठमांडूची नाकेबंदी केली. राजधानीत येणाऱ्या रस्त्यांवर आठवडाभर ट्रक येईनात. १९९६ पासून देशात यादवी सुरू होती. म्हणजे या मुलीच्या उमेदीच्या वर्षांतली बरीचशी बंद, संचारबंदी आणि गोळीबाराच्या बातम्यांत गेली. सराव मात्र रोज करावाच लागतो. माझी लेक दोन दिवस क्लासला गेली नाही तर तिसऱ्या दिवशी तिची किक कमरेच्या वर जात नाही, हे मी डोळ्यांनी बघते. या बाईने ते कसं निभावलं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही.

इथे तायक्वांदो खेळलेले, शिकवणारे, नेपाळमध्ये राहून आलेले कुणी असतील तर लिहा. मला स्कोअरपेक्षा या मुलींचं आयुष्य कसं असतं ते समजून घ्यायचंय.

ओंकार_जे

छान धागा. पण पदक मिळालं का तिला?

निशिगंधा

नाही, ओंकार. नेपाळला ऑलिंपिकमध्ये आजवर एकही पदक नाही. पण हा प्रश्न पहिलाच येतो आणि तिथेच गोष्ट संपते, म्हणून तर तिचं नाव कुणाला माहीत नाही.

दोल्यो

मी नाशिकला क्लास घेतो, २२ वर्षं झाली. राज्य स्पर्धा खेळलोय, पुढे गेलो नाही. निशिगंधाताई, तुमच्या लेकीच्या सरांना माझा नमस्कार सांगा, कारण मुलींना ही नावं सांगणारे फार थोडे आहेत.

'पात्र ठरली' म्हणजे किती मोठं काम, हे खेळ न खेळलेल्यांना एकदम कळणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जागतिक किंवा आशियाई स्पर्धेत मुलींचे वजनाचे ८ गट असतात. ऑलिंपिकला फक्त ४: ४९, ५७, ६७ आणि ६७ च्या वर. एरवी दोन गटांत वाटलेल्या मुली तिथे एकाच दारातून घुसतात. खालच्या गटातली वजन वाढवून येते, वरच्या गटातली अंगातलं पाणी काढून खाली उतरते. आणि आशियात तो ४९ चा गट म्हणजे काय! कोरिया, चीन, तैवान, थायलंड, व्हिएतनाम, इराण... लहान चणीच्या, विजेसारख्या मुलींची खाण आहे ती. अथेन्सला त्याच गटात तैवानच्या चेन शिह-शिनने सुवर्ण घेतलं, तैवानचं ते ऑलिंपिकमधलं पहिलंच सुवर्ण. कांस्य थायलंडच्या याओवापा बूरापोलचाईला. पुढे टोकियो आणि पॅरिस दोन्हीकडे ४९ किलोचं सुवर्ण थायलंडच्याच पानिपाकने नेलं. असल्या खंडातून काठमांडूच्या मुलीने जागा काढली.

दुसरी गोष्ट, तेव्हा छातीवरचं चिलखत इलेक्ट्रॉनिक नव्हतं. ऑलिंपिकमध्ये ते लंडनपासून, २०१२ ला आलं. त्याआधी कोपऱ्यातले पंच हातातलं बटण दाबायचे आणि पुरेशा पंचांनी एकाच वेळी दाबलं तरच गुण लागायचा. किक नुसती लागून भागत नव्हतं, ती पंचांना दिसावी आणि ऐकू यावी लागायची. होगूवर, म्हणजे त्या छातीवरच्या चिलखतावर, 'थाड' असा आवाज निघाला पाहिजे. आम्ही तर मुलांना आवाज काढायलाच शिकवायचो. आता ज्या देशाची खेळात पत नाही, त्या देशाच्या मुलीची अर्धी-मुर्धी लागलेली किक पंच कशाला मोजेल? हे मी कुणावर आरोप म्हणून लिहीत नाही. माणसाचा डोळा तसाच चालतो, कोरियन पोशाख दिसला की हात आधीच बटणाकडे जातो. त्या काळात नवख्या देशाच्या खेळाडूला दोन गुणांचं काम करून एक गुण मिळायचा. त्यातून जी आली तिला मी फार मोठी मानतो.

पूर्वीचा काठमांडूकर

मी कामानिमित्त दोनेक वर्षं काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरला राहिलो, २०१८ ते २०२० च्या सुरुवातीपर्यंत. घर सातदोबाटोजवळ. रिंगरोडला लागूनच तिथलं क्रीडासंकुल आहे, पोहण्याचा तलाव वगैरे, आणि त्यातच तायक्वांदोचा हॉल. सकाळी साडेपाचला फिरायला निघालो की पाठीवर लांब पिशव्या टाकलेल्या मुली मायक्रोबसमधून उतरताना दिसायच्या. थंडीत तोंडातून वाफा. पिशवीच्या पट्ट्याला हेल्मेट बांधलेलं, चालताना ते मांडीवर आपटायचं. तिकडे या खेळाला 'तेक्वान्दो' म्हणतात.

तिथे गेल्यावर एक गोष्ट लवकरच लक्षात आली. तेक्वान्दो आणि कराटे हे नेपाळचे खऱ्या अर्थाने लोकांचे खेळ आहेत. फुटबॉल आणि क्रिकेटवर जीव ओवाळून टाकतात, पण पदकं आली ती इथून. १९९९ ला दक्षिण आशियाई खेळ काठमांडूत झाले, तेव्हाची नेपाळची बहुतेक सुवर्णपदकं या दोन खेळांतली. तिथला चाळिशीपुढचा कोणीही माणूस ते वर्ष आपण १९८३ च्या विश्वचषकाबद्दल बोलतो तसं बोलतो. माझे घरमालक तर बोटांवर नावं मोजायचे.

त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलेलं नाव सबिता राजभंडारी. १९९८, बँकॉक एशियाड, तायक्वांदोत रौप्य. एशियाडमध्ये नेपाळला मिळालेलं पहिलं रौप्य ते. दुसरं यायला २० वर्षं लागली, २०१८ ला जकार्तात, तेही पॅराग्लायडिंगमध्ये. सुवर्ण अजून नाहीच. म्हणजे संगिनाच्या आधी सबिता होती, आणि त्याही आधी विधान लामा. त्यांना १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोत कांस्य मिळालं होतं, पण तेव्हा हा खेळ फक्त प्रदर्शनीय होता, त्यामुळे ते पदकांच्या यादीत धरत नाहीत. संगिनानंतर २००८ ला बीजिंगला पात्र ठरून गेलेले दीपक बिष्ट. २०१६ ला रिओत निशा रावल, ६७ च्या वरच्या गटात. साखळी आहे ही, अधेमधे विरळ होणारी, पण तुटलेली नाही.

विरळ होणारी हे मुद्दाम लिहितोय. २०१६ चे दक्षिण आशियाई खेळ आपल्या गुवाहाटी-शिलाँगला झाले. नेपाळला सगळी मिळून ३ सुवर्णं, त्यात तायक्वांदोचं एकही नाही. त्याआधी जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, एप्रिल २०१५ ला भूकंप झाला होता. काठमांडूतल्या दशरथ रंगशाळेचं, म्हणजे तिथल्या स्टेडियमचं, केवढं नुकसान झालं होतं ते मी नंतर पाहिलं. खेळाडूंच्या घरांच्या भिंती पडल्या होत्या, सराव कुठला.

मग डिसेंबर २०१९. खेळ पुन्हा काठमांडूत. तायक्वांदो आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी दोन दिवस गेलो. बाहेर रांग, आत पाय ठेवायला जागा नाही. वर गच्च गर्दी आणि सगळ्यांची नजर त्या निळ्या-लाल मॅटवर. एका नेपाळी मुलीची लढत सुरू होती, नाव माझ्या लक्षात राहिलं नाही याची आज खंत वाटते. शेवटच्या काही सेकंदांत ती एका गुणाने मागे होती. सगळा हॉल एकदम गप्प झाला. असा गप्प, की तिच्या अनवाणी पायाचं मॅटवरचं सरकणं ऐकू आलं. मग किक लागली आणि शेजारच्या आजीबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत दुखत होता. त्या खेळांत नेपाळने ५१ सुवर्णं घेतली.

निशिगंधा, तुम्ही आयुष्य कसं असतं विचारलंत. नोकरीचं सांगतो. तिथे चांगला खेळाडू सहसा सैन्य, पोलीस किंवा सशस्त्र प्रहरी दलाच्या क्लबात लागतो. पगार सुरू होतो, जेवणाची चिंता मिटते. मुलींसाठी तर हा फार मोठा आधार, घरचे लग्नाचं बोलायचे थांबतात. ज्यांना ते मिळत नाही त्या क्लास घेतात, नाहीतर व्हिसाची फाइल करतात. माझ्या घरमालकांची भाची ब्लॅक बेल्ट, आता ऑस्ट्रेलियात एका वृद्धाश्रमात काम करते. तिचा डोबोक, म्हणजे तायक्वांदोचा पोशाख, कपाटात घडी करून ठेवलेला होता, मावशी उन्हाळ्यात एकदा बाहेर काढून वाळवायच्या.

विश्वंभर

धागा वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण दोन गोष्टी खटकल्या.

एक, वाइल्ड कार्डला कमी लेखू नका. ज्या देशात सिंथेटिक ट्रॅक एखाददुसराच, तिथल्या पोरीने धावून आपल्या देशाचा विक्रम केला आणि ती ऑलिंपिकला गेली, तर तीही मेहनतच आहे. लढून गेली ती मोठी आणि दुसरी फुकटची, असा सूर निघतोय.

दोन, आपल्या जिल्ह्या-तालुक्यांतल्या मुली राष्ट्रीय स्पर्धेला रेल्वेच्या जनरल डब्यातून जातात. त्यांच्यावर धागा कधी निघणार?

निशिगंधा

विश्वंभर, पहिल्या मुद्द्यावर माझंच चुकलं. तसं म्हणायचं नव्हतं. धावणारीचं मोल मुळीच कमी नाही. संगिनाबद्दल मला वाटतं ते इतकंच, की तिच्यानंतरच्या नेपाळी मुलीला 'आपण हरवून जाऊ शकतो' हे माहीत झालं. आधी ते कुणाला माहीतच नव्हतं, कारण तसं घडलं नव्हतं.

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर, तो धागा तुम्ही काढा. मी रोज येऊन वाचीन.

बागलुङ ते बावधन

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा जन्म नेपाळमधल्या बागलुङचा. चार वर्षांची होते तेव्हा बाबा आम्हाला पुण्याला घेऊन आले. ते एका हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाकी. मी मराठी शाळेत शिकले, मराठीतच विचार करते, घरी मात्र नेपाळी.

शाळेत माझं नाव कुणी धड घेत नसे. 'गुरखा' म्हणायचे, 'चायनीज' म्हणायचे. सातवीत शाळेत तायक्वांदोचा क्लास सुरू झाला. फी बाबांनी दोन हप्त्यांत भरली. पहिल्या वर्षी माझ्याकडे चेस्ट गार्ड नव्हतं, क्लासमध्ये सगळ्यांत मिळून तीन होती आणि ती घामाने ओली असायची. दुसऱ्या मुलीची फाइट संपली की तिच्या अंगावरून उतरवून माझ्या अंगावर. ते थंडगार ओलं गार्ड पाठीशी बांधलं जायचं तेव्हाचा शहारा अजून आठवतो. जिल्हास्तराला दोनदा जिंकले. विभागाच्या वेळी कागदपत्रांवरून अडलं. कोणाचं चुकलं ते आता उगाळत नाही. बारावीनंतर सोडलं, नोकरीला लागले.

संगिना दिदींचं नाव बाबांना माहीत होतं. त्यांच्याकडे झेंडा होता हे ते सांगायचे. पण मला लिहायचंय ते पलेशाबद्दल, कारण तिच्याशिवाय हा धागा अर्धा राहील.

पलेशा गोवर्धन. जन्मापासून तिच्या एका हाताला व्यंग. काठमांडूत कबिराज नेगी लामा या गुरूंकडे शिकली. तायक्वांदो पॅरालिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोला, आणि पलेशा तिथे होती. कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत गेली आणि हरली. पदकाच्या दारातून परत आली.

३ वर्षांनी पॅरिस. ३० ऑगस्ट २०२४, शुक्रवार. मी कामावर होते, मोबाइल ड्रॉवरमध्ये उघडा ठेवला होता. ग्रां पालेची ती काचेची छत असलेली इमारत, आणि खाली मॅटवर आमची पलेशा, ५७ किलोत, पुन्हा कांस्याच्याच लढतीत. समोर सर्बियाची मारिया मिचेव. १५-८ ने जिंकली. नेपाळचं पॅरालिंपिकमधलं पहिलं पदक. ऑलिंपिकमध्ये नाहीच, त्यामुळे दोन्ही मिळून पहिलं.

बाबांना फोन केला. मेसमध्ये भांडी घासण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "बाबा, पलेशाले कांस्य जितिन्!" तिकडे एकदम शांतता. मग त्यांनी तिथल्या सगळ्यांना मराठीत ओरडून सांगितलं, "आमच्या पोरीने मेडल आणलं!" मग मेसमध्ये शिरा झाला. पोरांना कळलंच नाही कशाचा.

निशिगंधा

वाचून डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही चुकीचं काहीही लिहिलेलं नाही. लिहीत राहा.

ओंकार_जे

+१. पहिला प्रश्न मीच पदकाचा विचारला होता. दोन्ही नावं लिहून ठेवली. एक शंका: एका हाताने लढताना नियम वेगळे असतात का?

दोल्यो

असतात, ओंकार, आणि समजून घेण्यासारखे आहेत.

पलेशाचा वर्ग के-४४. हातात व्यंग किंवा हाताचा काही भाग नसलेले खेळाडू यात येतात. मोठा फरक म्हणजे डोक्यावर किक मारायला पूर्ण बंदी. मारली तर दंड. कारण साधं आहे, ज्याच्याकडे अडवायला हात नाही त्याचं डोकं उघडं असतं. एरवीच्या खेळात डोक्यावरच्या किकला ३ गुण, वळून मारली तर त्याहून जास्त, त्यामुळे मागे पडलेला खेळाडू शेवटच्या दहा सेकंदांत डोक्यावर एक मारून बाजी उलटवू शकतो. पॅरामध्ये ती लॉटरी नाही. ठोशालाही गुण नाही. सगळं कमरेच्या वर, मानेच्या खाली आणि फक्त पायाने: साधी किक २, वळून मारलेली ३, पूर्ण गिरकी घेऊन मारलेली ४. पॅरिसला लढत सलग पाच मिनिटांची एकच फेरी होती. मधे बसायला नाही, पाणी नाही, कोचचा शब्द नाही. पाच मिनिटं सतत पाय चालवून बघा, तिसऱ्या मिनिटाला मांडीत शिसं ओतल्यासारखं होतं. त्यात १५ गुण काढणं म्हणजे डोकं थंड ठेवून केलेलं काम आहे.

आता हाताचं. लोकांना वाटतं, हा तर पायांचा खेळ, हात नसला तर काय बिघडलं? पण किक सुटते तेव्हा शरीर उलट्या बाजूला वळायला बघतं आणि तोल हात सावरतो. माझ्याकडे एक मुलगा येतो, डावा हात कोपरापर्यंतच. सुरुवातीला उजव्या पायाने दोल्यो, म्हणजे बाजूने फिरवून मारायची किक, मारली की तो दर वेळी पडायचा. सहा महिने आम्ही फक्त उभा पाय पक्का केला. भिंतीला पाठ न लावता, एका पायावर, दुसरा गुडघा छातीशी. सहा महिने! किक नाही, फाइट नाही. बाकीची मुलं फाइट करताना तो कोपऱ्यात उभा. एकदा चिडून रडला. आज तोच माझ्या क्लासमध्ये सगळ्यांत कमी पडतो.

दुसरं म्हणजे अंगाला अंग भिडतं तेव्हा धक्का देऊन जागा करायला हात लागतो. एक हात आखूड असेल तर समोरचा त्याच बाजूने आत शिरतो. ती बाजू झाकायची तर पुढचा पाय सारखा वर लागतो, म्हणजे दमछाक दुप्पट. पलेशाच्या लढती मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत, तिचा पुढचा पाय खाली टेकतच नाही. दारावरच्या कडीसारखा तो पाय कायम मध्ये असतो. ही सवय टोकियो ते पॅरिसमधल्या तीन वर्षांत घडत नाही, लहानपणापासून कोणीतरी पाठीमागे उभं राहून घडवावी लागते.

आपल्याकडूनही टोकियोला हरियाणाची अरुणा तंवर गेली होती, पॅरा तायक्वांदोत भारताची पहिली. तिचंही नाव फार थोड्यांना माहीत आहे.

रेवती_फिजिओ

वजनाबद्दल एक लिहिते, कारण या धाग्यावर बऱ्याच आया आहेत. वर 'अंगातलं पाणी काढून खाली उतरते' असं आलंय. ते मोठ्या खेळाडूंबद्दल होतं, त्यांच्याभोवती डॉक्टर असतात. माझ्याकडे तेरा-चौदा वर्षांच्या मुली येतात, ज्यांना स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवू दिलेलं नसतं, जर्किन घालून पळवलेलं असतं. पाळी थांबलेली असते आणि आईला सांगितलेलं नसतं. गुडघा वळून अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये तसंही जास्त, त्यात उपाशी शरीर. कृपा करून वाढत्या वयात मुलीला तिच्या वजनाच्या गटात खेळू द्या. जिल्ह्याचं एक पदक गेलं तर जाऊ दे.

दोल्यो

रेवतीताई, शंभर टक्के. माझ्या क्लासमध्ये सोळा वर्षांखाली वजन उतरवायला बंदी आहे. त्यापायी दोन पालक मुलं काढून घेऊन गेले. गेले तर गेले.

विश्वंभर

बागलुङताईंची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी पुन्हा वाचली. आमच्या सोसायटीत गेटवर जे काका आहेत ते नेपाळचेच, अछामचे. अकरा वर्षं झाली, मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं, पलेशा गोवर्धन माहीत आहे का? त्यांनी खिशातून मोबाइल काढून तिचा फोटो दाखवला. पदक गळ्यात, फोटोवर त्यांच्या गावच्या गटातले शुभेच्छांचे मेसेज. त्यांची मुलगी पाचवीत आहे, आमच्याच पालिकेच्या शाळेत, तेही मला आज कळलं.

मी वर विचारलं होतं, नेपाळवर कशाला. तो प्रश्न मागे घेतो. आणि आपल्या मुलींवरचा धागा काढतोय, माहिती जमवायला घेतली आहे. शालेय स्पर्धांत खेळलेल्यांना दहावी-बारावीला मिळणारे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, प्रत्यक्षात ते कागद मिळवताना काय काय होतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनी मला निरोप पाठवा.

बागलुङ ते बावधन

विश्वंभर दादा, कागदांबद्दल मी सांगते. निरोप पाठवलाय.

त्या काकांच्या मुलीला क्लासला जायचं असेल तर सांगा. माझं हेडगार्ड आणि शिन गार्ड अजून आहेत, घासून उन्हात वाळवून ठेवलेत. मापाने तिला मोठे होतील, पण एक-दोन वर्षांत बसतील.

दोल्यो

पाचवीतली म्हणजे होगू शून्य किंवा एक नंबरचा लागेल. माझ्याकडे एक नंबरचे दोन जुने पडलेत, नाड्या बदलल्या की नवीनसारखे. त्या नाड्या पाठीमागे बांधायच्या असतात, स्वतःच्या स्वतःला बांधता येत नाहीत, तेव्हा काकांना एकदा बांधायला शिकवा. फार घट्ट नको, दोन बोटं आत गेली पाहिजेत. विश्वंभर, पुढच्या रविवारी मी ठाण्याला परीक्षा घ्यायला येतोय. पत्ता पाठवा, घेऊन येतो.

विश्वंभर

पाठवला.